पाकात वाढणाऱ्यांसाठी पाकाचाच मीडिया

पावसाळ्यात कुडाळमध्ये माल्ट एक्स्ट्रॅक्ट अगरचा, म्हणजे यीस्ट-बुरशी वाढवून मोजायला जो मीडिया (खाद्य-माध्यम) लागतो त्याच्या पावडरीचा, डबा उघडा ठेवून तुम्ही फोन घ्यायला गेलात, तर परत येईपर्यंत वरच्या पावडरीला ओल सुटलेली असते. दोन दिवसांत तिचा तपकिरी दगड होतो आणि तो चमच्याने खरवडून वजन करण्यात काही अर्थ नसतो, कारण आपण पावडर मोजतोय की पाणी हे कळत नाही. म्हणून माझ्याकडे जून ते सप्टेंबर एक नियम असतो. मोठा डबा घ्यायचाच नाही. शंभर ग्रॅमची बाटली आणायची, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवायची, वजनकाटा आधी शून्यावर आणायचा आणि मगच झाकण उघडायचं. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना हे सगळं सोवळं वाटतं. पहिला पाऊस झाला की वाटेनासं होतं.

आमची लॅब छोटी आहे. अन्न तपासणी, मुख्यतः आसपासच्या घरगुती आणि बचत गटांच्या उत्पादनांची. कोकम सरबताचा पाक, आगळ, आंब्याचा पल्प, स्क्वॅश, करवंदाचं सिरप, लोणची. यातलं काही बिघडलं तर शेवटी बाटली माझ्या टेबलावर येते, आणि बहुतेक वेळा तिच्यासोबत कुठल्या तरी लॅबचा ‘यीस्ट अँड मोल्ड काउंट : १० पेक्षा कमी’ असा रिपोर्टही येतो. बाटलीचं झाकण घुमटासारखं वर आलेलं, उघडली की फसकन फेस, आणि कागदावर सगळं उत्तम.

रिपोर्ट खोटा असतो असं नाही. त्या मीडियावर त्या माणसाला खरंच काही दिसलेलं नसतं.

आपल्याकडे यीस्ट-मोल्ड मोजायची जुनी रूढ पद्धत म्हणजे भारतीय मानक आयएस ५४०३. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, डेक्स्ट्रोज, क्लोरॅम्फेनिकॉल आणि अगर, २५ अंश, तीन ते पाच दिवस. दूध, पीठ, मसाल्यांना ठीक. पण ६८ ब्रिक्सच्या, म्हणजे वजनात साधारण ६८ टक्के साखर असलेल्या, कोकम पाकात जगायला शिकलेलं यीस्ट तुम्ही उचललंत, साध्या पेप्टोन वॉटरमध्ये दहापट पातळ केलंत आणि मग जेमतेम साखर असलेल्या प्लेटवर पसरलंत, की त्यातल्या बऱ्याच पेशी तिथेच संपतात. पाकात असताना पेशीने बाहेरच्या साखरेशी तोल राखायला आत ग्लिसरॉल साठवलेलं असतं. अचानक बाहेर नुसतं पाणी आलं की ते आत घुसतं. मेलेल्या पेशीची कॉलनी, म्हणजे डोळ्यांना दिसणारा ठिपका, प्लेटवर येत नाही, आणि मग काउंट ‘१० पेक्षा कमी’.

आयएसओने २००८ मध्ये २१५२७ हे मानक आणलं, तेव्हा त्याचे दोन भागच केले. वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे पदार्थातलं जंतूंच्या वाट्याला येऊ शकणारं पाणी, ०.९५ च्या वर असेल तर डीआरबीसी नावाचा गुलाबी मीडिया, ०.९५ किंवा त्याखाली असेल तर १८ टक्के ग्लिसरॉल घातलेला डीजी-१८. तेव्हा पदार्थ पाहून मीडिया निवडायचा, हे काही मी शोधलेलं नाही. पण कोकम पाकाची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८५ च्या आसपास जाते, आणि तिथे मला डीजी-१८ सुद्धा पुरेसा वाटत नाही. म्हणून मी एमवाय-५०-जी करते. पन्नास टक्के ग्लुकोज. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८९.

हा मीडिया तयार डब्यात आणून पाण्यात घोळायचा प्रकार नाही, हाताने करावा लागतो. आणि तो करताना जो चिकटपणा होतो त्यापायी बहुतेक लॅब त्याच्या वाटेला जात नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक किलोचं माप सांगते. माल्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २.५ ग्रॅम, अगर १० ग्रॅम. हे आधी साधारण ४५० मिली डिस्टिल्ड पाण्यात घ्यायचं आणि वाफेवर ठेवून अगर पूर्ण वितळू द्यायचं. ग्लुकोज आत्ता घालायचं नाही. अर्धं ग्लुकोज असलेल्या पाण्यात अगरला मोकळं पाणीच मिळत नाही, ते धड भिजत नाही आणि तळाशी काचेसारखे दाणे राहतात. अगर वितळलं की पाणी घालून एकूण वजन ५०० ग्रॅम करायचं. हो, वजन. मिलीलिटरवर जाऊ नका. मग ते गरम असतानाच ५०० ग्रॅम ग्लुकोज एकदम ओतायचं आणि दुसऱ्या हाताने जोरात हलवत राहायचं. थोडं थोडं घालायचा मोह होतो, पण तसं केलं की गोळे होतात. झालेच दोन-चार गोळे तरी घाबरायचं नाही, पुढच्या वाफेत ते विरतात.

इथे एक खाच आहे. दुकानात ग्लुकोज म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा मोनोहायड्रेट असतं, म्हणजे त्याच्या वजनात सुमारे नऊ टक्के पाणीच. ते वापरायचं तर ५५० ग्रॅम ग्लुकोज आणि बाकीचं मिश्रण ४५० ग्रॅम. लेबल न वाचता ५०० घातलंत तर वॉटर ॲक्टिव्हिटी वर सरकते, आणि ज्यांना थोपवायचं तेही आत येतात.

शेवटी अर्धा तास वाफ. ऑटोक्लेव्ह नाही. १५ पौंडाच्या दाबाखाली १२१ अंशांवर हे मिश्रण ठेवलं तर ग्लुकोज आणि माल्टमधल्या प्रथिनांचं जे होतं ते बाहेर आल्यावर तुम्हाला रंगावरूनच कळेल. शिवाय गरजही नाही. इतक्या साखरेत वाढू शकणारे मुळात मोजकेच, आणि ते अर्ध्या तासाच्या वाफेत टिकत नाहीत. आम्ही हे मोठ्या ऑटोक्लेव्हची शिटी उघडी ठेवून करतो, दाब चढूच द्यायचा नाही.

ओतायला हा मीडिया मधासारखा जड असतो. प्लेटच्या कडेला ओघळ येतो, हातमोजे चिकटतात, आणि लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) कितीही पंखा चालू असला तरी मुंग्यांना दुसऱ्या दिवशी पत्ता लागतो. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेली मायक्रोबायॉलॉजीची लॅब तुम्ही पाहिली नसेल तर या.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. या अगरची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८९ म्हणजे तो ८९ टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल असतो. जुलैत आमच्याकडे हवा त्याच्या वर असते. प्लेट उघडी राहिली की ती सुकायच्या ऐवजी ओलावते, वर पाण्याचा पापुद्रा धरते, आणि त्या पापुद्र्यात कॉलन्या एकमेकींत वाहत जातात. त्यामुळे प्लेटा पॉलिथिनच्या पिशवीत बांधून बीओडी इन्क्युबेटरमध्ये २५ अंशांवर. आठवडाभर तर हवाच, शंका असेल तर तीन आठवडे. ग्राहकाला घाई असते. पण या यीस्टना कसली घाई नसते, आणि तेच तर दुकानात जाऊन मग बाटली फुगवतात.

पातळ करायलाही साधं पाणी नको. १० ग्रॅम नमुना आणि ९० ग्रॅम ०.१ टक्का पेप्टोन, ज्यात ४० टक्के ग्लुकोज घातलंय. गेल्या मेमध्ये एक कोकम पाक मी मुद्दाम दोन्ही तऱ्हांनी लावला. साध्या पेप्टोन वॉटरमधून नेहमीच्या मीडियावर एकही कॉलनी नाही. ग्लुकोजच्या पेप्टोनमधून एमवाय-५०-जीवर पूर्ण प्लेटभर पांढऱ्या, गुळगुळीत, टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलन्या. मायक्रोस्कोपखाली गोल-लांबट पेशी, कुठूनही कळी फुटलेली, आणि चार-पाच दिवस माल्ट अगरवर ठेवल्यावर दोन पेशी जोडून झालेल्या डंबेलच्या आकाराच्या पिशव्या, आत गोल बीजाणू. यीस्टचं कूळ : झायगोसॅकरोमायसिस.

तो पाक ओरोसच्या बाजूच्या एका काकूंचा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं बरणीत साखरेच्या थरांत, आठवड्याने सुटलेला पाक गाळून, मीठ-जिऱ्याची पूड घालून बाटल्यांत. आच कुठेही नाही, आणि चवीला म्हणून तो उत्तम. मुंबईला पाठवलेल्या पेटीतल्या बऱ्याच बाटल्या फुगल्या होत्या आणि काकू आल्या त्याच मुळी भांडायच्या तयारीने. ‘आमी काय एक घाण करूक नाय गो बाय. सगळा धुतलेला, पुसलेला.’ मी म्हटलं, ‘काकू, पुसलेलं कशाने?’ तर बाटल्या उकळलेल्या पाण्यातून काढून त्या ओल्याच भरत होत्या. मानेपाशी राहिलेलं पाणी वरच्या पाकात मिसळतं आणि सगळ्यात वरचा बोटभर थर पातळ होतो. शिवाय ट्रकमध्ये दिवसा ताप, रात्री गार; झाकणाच्या आतून घाम धरतो आणि परत खाली टपकतो. साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरला तळाचा पाक ६८ दाखवतो आणि वरचा त्याहून पुष्कळ कमी. यीस्टला एवढी जागा पुरते. पहिली पिढी तिथे वाढते आणि मग खाली उतरते.

पण बाटलीत ते आलं कुठून? साखरेची पोती, गाळायचं फडकं, पाकाचा वाळलेला थर असलेला डाव, माश्या. आम्ही फडक्याचा तुकडा, डावाचा स्वॉब (त्यावरून फिरवलेला कापसाचा बोळा) आणि साखर अशा तिन्ही गोष्टी एमवाय-५०-जीवर लावल्या. फडक्याने निकाल दिला. काकूंनी फडकं रोज धुतलं होतं, पण धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यात पाकाचा अंश उरतो, आणि ज्यांना साखर चालते अशाच जीवांना ते फडकं सोयीचं. आता त्या फडकं उकळतात, बाटल्या उन्हात पूर्ण सुकवतात आणि पाक एकदा ८० अंशांच्या वर नेऊन काचेच्या बाटलीत गरमच भरतात. पेट प्लास्टिकची बाटली त्या तापमानाला आकसते, त्यामुळे काचेचा खर्च आला. चवीत फरक पडला का, या विषयावर आमच्यात मतभेद आहेत. त्या म्हणतात पडला. मलाही तसंच वाटतं, पण रिपोर्टमध्ये चवीचा रकाना नाही.

इथवर झायगोसॅकरोमायसिस एवढंच कळलं होतं. कुठलं, हे त्याच्यापुढचं. आणि कुठलं यावर सल्ला बदलतो. म्हणून दुसरा मीडिया, माल्ट ॲसिटिक अगर, जो मला जास्त आवडतो.

करायला सोपा. माल्ट एक्स्ट्रॅक्ट ३० ग्रॅम, पेप्टोन ५, अगर १५ प्रति लिटर. मी अगर २० घालते, कारण पुढे आम्लात तो मऊ बसतो. ऑटोक्लेव्ह ११५ अंश, १० मिनिटं. १२१ ला नेऊ नका. माल्टचा पीएच मुळातच ५.४ च्या आसपास, जास्त तापवलं की अगर अर्धवट तुटतं. मग फ्लास्क ५० अंशांपर्यंत उतरू द्यायचा आणि ओतायच्या अगदी आधी दर १०० मिलीला अर्धा मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. म्हणजे ०.५ टक्के. फ्लास्क गोल फिरवायचा, फेस न आणता, आणि लगेच ओतायचा. ॲसिड निर्जंतुक करायची गरज नाही, त्यात काहीही जिवंत राहत नाही. पीएच ३.२ वर येतो.

आधी ॲसिड घालून मग ऑटोक्लेव्ह केलं तर? सूप मिळेल. उरलेला मीडिया पुन्हा वितळवायचा प्रयत्न केला तरी तेच. ज्यांनी घरी चायना ग्रास वापरलाय त्यांनी तो कोकमाच्या आगळात उकळून बघावा. खरवस बसावा तसा तो बसत नाही, कारण चायना ग्रास म्हणजे अगरच. जंतूंच्या मीडियात हे अगर आलं तेही स्वयंपाकघरातूनच. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे यांनी आपल्या नवऱ्याला, वॉल्टर हेसे यांना, जिलेटिनऐवजी अगर वापरून बघायला सुचवलं. जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू ते खाऊनही टाकायचे. अगर वितळायला ८५ अंशांच्या वर जावं लागतं आणि बसतं मात्र ४० च्या खाली. त्या मधल्या पट्ट्यामुळेच तर मला ५० अंशांवर ॲसिड घालता येतं. जावामध्ये राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून फॅनीबाईंना अगर कळलं होतं. तिथल्या उकाड्यात न वितळणाऱ्या जेलीसाठी ते वापरत. कोकणातल्या मे महिन्यात मला त्या अनोळखी शेजाऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात.

ॲसिड घालताना तोंड फ्लास्कवर धरू नका. गरम अगरवर पडलेल्या ॲसिटिकची वाफ डोळ्यांत जाते आणि पुढच्या दहा प्लेटा अंदाजाने ओताव्या लागतात. आम्ही हे फ्यूम हूडमध्ये मिसळून मग लॅमिनारला आणतो.

या प्लेटवर काय वाढतं? बेकरीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, वाढत नाही. बाजारातून आणलेल्या ड्राय यीस्टची एक रेघ मी प्रत्येक बॅचवर मारते. ती वाढली तर ॲसिड कमी पडलंय, बॅच फेकायची. झायगोसॅकरोमायसिस रूक्सी, साखरेत सगळ्या यीस्टच्या पुढे असलेलं, तेही इथे माघार घेतं. आणि झायगोसॅकरोमायसिस बेली दोन-तीन दिवसांत आरामात वाढून दाखवतं. पिचिया मेम्ब्रेनिफेशियन्ससारखे आणखी काही येतात, त्यांची सुरकुतलेली कॉलनी आणि द्रव माध्यमावरची साय वेगळी ओळखू येते. बेली पन्नास टक्के साखरेतही वाढतं, त्यामुळे फक्त एमवाय-५०-जी पाहून दोघांत फरक करता येत नाही. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवाव्या लागतात. काकूंचं यीस्ट ॲसिटिकवर आलं नाही, म्हणून रूक्सीच्या गटातलं. नक्की नाव हवं असेल तर २६एस जनुकाचा डी१-डी२ भाग वाचून घ्यावा लागतो. त्यासाठी आम्ही स्लांट, म्हणजे नळीतल्या तिरक्या अगरवर वाढवलेलं यीस्ट, पुण्याला पाठवतो. पण काकूंना त्या नावाचा उपयोग नव्हता आणि पैसे त्यांचे जाणार होते, म्हणून मी थांबले.

ऑस्ट्रेलियात अन्नातल्या बुरशी-यीस्टचे अभ्यासक पिट आणि हॉकिंग यांनी हे फार आधी मांडून ठेवलंय. यीस्टच्या शेकडो जाती असल्या तरी नीट बनवलेल्या, पॅक केलेल्या पदार्थाला खरा धोका देणाऱ्या डझनभरच. त्या डझनभरासाठी चार-पाच मीडिया आणि एक मायक्रोस्कोप पुरतो. छोट्या लॅबला परवडणारी गोष्ट आहे ही.

बेलीची गाठ मला आंब्याच्या स्क्वॅशमध्ये पडली. एका कारखान्याचा माल, त्यांचा क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, मुलगा घेऊन आला. हुशार मुलगा. बेंझोएट, म्हणजे माल टिकायला घालतात ते रसायन, मर्यादेच्या काठापर्यंत घातलेलं, तरी गॅस. ‘मॅडम, अजून थोडं वाढवलं तर?’ वाढवायला कायद्यात जागा नव्हती, आणि असती तरी उपयोग शून्य. बेंझोएट काम करतं ते आम्लाच्या रूपात पेशीत शिरून आतला पीएच पाडून. ॲसिटिकही त्याच वाटेने जातं. म्हणून तर ॲसिटिकची प्लेट ही बेंझोएटला न जुमानणाऱ्याची परीक्षा होते. शिवाय बेलीच्या सगळ्या पेशी सारख्या कणखर नसतात. लाखांतल्या थोड्या असतात, आणि त्या उरल्या की पुन्हा पूर्ण वसाहत उभी करतात. कमी बेंझोएटची सवय लागलेल्या पेशी जास्तीलाही तोंड देतात. त्यामुळे अर्धवट धुतलेली भरणीची पाइपलाइन, जिच्यात स्क्वॅशचा पातळ अंश रात्रभर पडून राहतो, ती त्यांची तालीमच.

मी त्याला लाइनवर कुठे कुठे स्वॉब घ्यायचे ते काढून दिलं. फिलरचे नोझल, गॅस्केट, पंपाचं सील, झाकणाचं हॉपर. आणि सांगितलं की स्वॉब साध्या माल्ट अगरवर लावू नकोस, तिथे आंब्यावरचं प्रत्येक साधं यीस्ट, हनसेनियास्पोरा वगैरे, उगवेल आणि तू त्यांच्यामागे लागशील. थेट ॲसिटिकवर लाव. त्याने नोझल उघडून गॅस्केटच्या मागच्या खोबणीतून स्वॉब आणला, तीच प्लेट तिसऱ्या दिवशी भरली. वरिष्ठांनी मात्र त्याला विचारलं की या असल्या मीडियाचा आयएस नंबर काय. नंबर नव्हता. मी रिपोर्टवर आयएस ५४०३ चा काउंट वेगळा दिला आणि ॲसिटिकचा निकाल ‘अतिरिक्त तपासणी’ म्हणून खाली. गॅस्केट बदलली गेली असं कळलं.

लोणच्यांचं आणि आगळाचं वेगळं लिहीन. तिथे साखरेऐवजी मीठ, आणि मीडियातही १० टक्के मीठ, १२ टक्के ग्लुकोज. डेबॅरोमायसिस हॅनसेनाय हा तिथला नेहमीचा गिऱ्हाईक.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी दोनच सूचना. ॲसिटिकच्या प्लेटा साठवू नका, लागतील तेवढ्याच ओता; त्या फ्रीजमध्ये पाणी सोडतात. आणि वाढ झालेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर टाकू नका, एमवाय-५०-जीच्या तर मुळीच नाही. पाक बनवणारी घरं लॅबपासून फार लांब नाहीत आणि माश्यांना रस्ता माहीत असतो. यंदा काकूंच्या जिऱ्याच्या पुडीचीही एक प्लेट लावणार आहे. फडकं उकळायला लागल्यापासून तिच्यावरचा माझा संशय वाढलाय.